जिजीच्या पाटीतली माती

नगरच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर निधन वार्ता असतात. एकेकीला चार-पाच ओळी. गाव, वय, ‘धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या’, मग ‘त्यांच्या पश्चात मुले, मुली, सुना, नातवंडे, परतवंडे असा मोठा परिवार आहे’, आणि मुलगा कुठे नोकरीला असेल तर ‘अमुक यांच्या त्या मातोश्री होत’. आमच्या जिजीची, माझ्या आजीची, वार्ता अशीच आली. धाकट्या काकांनी ते कात्रण लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. जिजी दर एकादशी धरायची, नवरात्रात राशीनच्या देवीला जायची, गल्लीत तिचं कुणाशी वाकडं नव्हतं. परिवार तर दहाव्याला मांडवात मावला नाही एवढा. पण ते कात्रण वाचताना मला त्यात जिजी सापडत नाही. पत्नी आहे, आई आहे, आजी आहे. या तिन्ही नात्यांत ती नेमकं काय करत होती, ते नाही. प्रेमळ, मायाळू, सेवाभावी असं म्हटलं की बाईच्या आयुष्याबद्दल सगळं बोलून झालं असं आपण धरून चालतो. जिजीच्या मायेत कष्ट होते, अक्कल होती आणि वेळ आली तेव्हा पोटच्या मुलांच्या विरोधात उभं राहायची धमक होती. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून लिहिते.

आमचं मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावर, कर्जत तालुक्यात. रस्त्याने जाणाऱ्याला दुकानं, हॉटेलं, कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या गाड्या दिसतात, पण गाव जगलं ते ज्वारीवर. आमचा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. खरिपाचा भरवसा नाही. परतीचा पाऊस पडला आणि काळ्या रानाने ओल धरली तर रब्बीची मालदांडी येते. त्या मालदांडीचं बियाणं जिजी घरचंच धरायची. काढणीच्या आधी ती एकटी रानात जायची आणि उभ्या पिकातून ताटं निवडायची. कणीस भरलेलं, दाणा टपोरा, ताट वाऱ्याने न लोळलेलं, पान शेवटपर्यंत हिरवं राहिलेलं. त्या ताटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून यायची. माणसं ज्वारी उपटायला आली की चिंध्यांची ताटं तेवढी उभी ठेवायची. मग ती कणसं वेगळी मोडायची, वेगळी बडवायची, दाणा उन्हात खडखडीत वाळवायचा आणि राख नि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यांत भरून ठेवायचा. पेरणी आबा करायचे, माझे आजोबा. पण पाभरीच्या चाड्यात काय पडणार ते जिजी ठरवायची. भावकीतलं कुणी बी मागायला आलं की आबा घराकडे हात करून म्हणायचे, ‘तिला विचारा.’

या ‘तिला विचारा’त त्यांचा संसार होता असं मला वाटतं. त्यांनी एकमेकांना नावाने हाक मारलेली आम्ही कधी ऐकली नाही. बाजूबाजूला बसून बोलतानाही फारसं पाहिलं नाही. पण आबांनी बाहेर कुठलाही शब्द देण्याआधी एकदा घरी येऊन जायचं, हे गावाला माहीत होतं.

जिजीचं माहेर आष्टी तालुक्यातलं. आज मिरजगावहून तिकडे जाताना जिल्हा बदलतो, नगरचा बीड होतो, एवढंच. तिच्या लहानपणी राज्य बदलायचं. अलीकडे मुंबई इलाखा, पलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. रझाकारांची भीती होती तेव्हा आईने आपल्याला कडब्याच्या गंजीमागे बसवून ठेवलं होतं, एवढं तिला आठवायचं. १९४८ च्या सप्टेंबरात ते संस्थान गेलं, आणि पुढे काही वर्षांनी ती चौदा-पंधराची असताना लग्न होऊन शिवेच्या या बाजूला आली.

तिने सगळ्यात जास्त सांगितलं ते १९७२ चं. आमच्याकडे वय सांगतानाही म्हातारी माणसं ‘दुष्काळाच्या आधी’, ‘दुष्काळाच्या मागून’ असं सांगतात. त्याच्या आधीची दोन वर्षंही पाऊस हात राखूनच पडला होता. १९७२ ला त्याने पुरती पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसले. चाऱ्याला म्हणून छपरावरचं जुनं पाचट निघालं. घरात दोन बैल, एक गाय, सासू-सासरे, तीन पोरं. बैल विकून टाकावेत असं सगळ्यांचं मत होतं, कारण मिळतील तेवढे पैसे पोटाला लागत होते. जिजी म्हणाली, ‘बैलं गेली म्हंजी रान गेलं. पाऊस आल्यावर पेरायचं कशानं?’ तिने आबांना बैल घेऊन प्रवरेच्या कालव्यावर, बागायती पट्ट्यात, नात्यातल्या माणसाकडे पाठवलं. तिथे उसाचं वाढं मिळेल, आबा त्यांच्या रानात राबतील, बैल जगतील. ‘पोरं आन् म्हातारी माणसं मी बघते,’ म्हणाली. आणि दुष्काळी कामावर गेली.

सरकारने तेव्हा ठिकठिकाणी पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडायची कामं काढली होती. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याच्यामागे वि. स. पागे यांचं नाव आपण आदराने घेतो, आणि घ्यायलाच हवं. २००५ साली देशभरासाठी कायदा आला तो याच वाटेने. ‘मागेल त्याला काम’ ही गोष्ट राबवता येते हे त्या दुष्काळी कामांनी दाखवलं होतं. मला अभिमानाने सांगावंसं वाटतं की या इतिहासात माझी आजी आहे. डोक्यावर मातीची पाटी घेऊन आहे.

गावाबाहेरच्या पाझर तलावाचं काम होतं. पुरुष टिकावाने खणायचे, बायका पाट्या भरून बांधावर नेऊन टाकायच्या. बांध जसा चढत जाईल तशी चढण वाढायची. पाटी तेवढीच, वाट रोज उंच. संध्याकाळी चौकड्या मोजल्या जायच्या आणि मापावर पैसे. धाकटे काका तेव्हा अंगावर पीत होते. बाभळीला झोळी बांधून जिजी कामाला लागायची, खेपेला येता-जाता झोळीला झोका देऊन जायची. कामावर लहान पोरांना सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेहून आलेली मिलो, लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, हातात तुकडे यायचे. पाणी उकळून त्यात पीठ भिजवलं तर ती थोडी धरते, हे बायकांनी एकमेकींना सांगितलं आणि कामावरच्या सगळ्या टोळ्यांत पसरलं. कोणत्या घरात कोणत्या दिवशी पीठ संपलंय हे बायकांना न बोलता कळायचं, जिजी सांगायची. दुपारच्या सुट्टीत फडकी सोडली की दिसायचं.

यातलीच एक गोष्ट तिच्या तोंडून मी पुन्हा पुन्हा मागून घ्यायचे. पगाराच्या दिवशी हजेरीपटावर अंगठे घेतले जायचे. एका आठवड्याला तिची आणि आणखी काहीजणींची हजेरी कमी लागली. वाचता कुणालाच येत नव्हतं. मुकादम म्हणाला, जे लिहिलंय ते हे. पुढच्या पगाराला जिजी माझ्या वडिलांना घेऊन गेली. ते तेव्हा प्राथमिक शाळेत होते. त्यांना तिने पटाजवळ उभं केलं आणि सांगितलं, ‘वाच. मोठ्यानं वाच.’ पोराने एकेक नाव वाचलं, पुढचे दिवस मोजले, आणि ज्या बाईचं नाव निघालं तिने बरोबर किंवा चूक सांगितलं. तेव्हापासून दर पगाराला माझे वडील हजेरी वाचायचे. मोठी पोरंही खडी फोडायला येत होती, चार पैसे जास्त मिळत होते. वडिलांना मात्र तिने पाटी कधी उचलू दिली नाही. शाळा चालू राहिली पाहिजे, नाहीतर आपलं नाव वाचणार कोण, हा तिचा सरळ हिशेब होता. शिक्षणाबद्दल मी पुढे पुष्कळ भाषणं ऐकली. एवढं नेमकं कारण कुणी सांगितलेलं आठवत नाही.

पाऊस आला. आबा दोन्ही बैल घेऊन परत आले. आमच्या रानात पहिल्या वर्षी पेर झाली ती जिजीने सगळ्या दुष्काळात न शिजवता ठेवलेल्या मडक्यातल्या बियाण्याची. पोरं उपाशी असताना घरात ज्वारीचं मडकं तोंड बांधून ठेवायचं, याला काय लागत असेल? मी तिला हे विचारलं होतं. ती म्हणाली, ‘त्या मडक्याकडं मी बघतच नव्हते.’

आबांनी तिच्यासाठी केलेली एक गोष्ट इथे लिहायला हवी. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली होती: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करावा. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढून, नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची वाट मोकळी केली. आबा काही मोर्च्या-मेळाव्यांतले नव्हते. पण कुठेतरी ऐकून ते तलाठ्याकडे गेले, अर्ज दिला, आणि एका तुकड्यावर जिजीचं नाव लावून घरी आले. भावकीत चेष्टा झाली. आबांचं उत्तर गावात अजून सांगतात: ‘बहात्तरला रान तिनं राखलं. मी बैलं राखली.’ मला वाटतं, नवऱ्याने बायकोबद्दल काढलेल्या उद्गारांत यापेक्षा मोठा उद्गार मी वाचलेला नाही. दोन्ही वाक्यांत प्रेमाचा शब्द नाही, आणि दुसरं काहीच नाही.

शेवटच्या काही वर्षांत आबांना अर्धांगवायू झाला. जिजीने त्यांचं सगळं केलं. त्यातलं एकच सांगते. आबांना दाढी वाढलेली खपत नसे, आणि घरी येऊन दाढी करणारा माणूस मिळेना. मग जिजी शिकली. आधी चुलीपुढच्या उजेडात, पुढे अंगणात खुर्चीवर बसवून, दर दोन दिवसांनी. ब्रशने साबण फेसायची, डाव्या हाताने गाल ताणायची. मिशा मात्र ते सांगतील तशाच कापायच्या, आणि ते बोलू शकत नव्हते, म्हणून आरसा धरून त्यांच्या डोळ्यांकडे बघून कापायच्या. आबा गेले त्या दिवशीही त्यांची दाढी केलेली होती.

आता सुरुवातीला म्हटलं त्या धमकेबद्दल. आमच्याकडे वडील गेले की बहिणी हक्कसोड लिहून देतात. कायद्याने मुलीला हिस्सा आहे. महाराष्ट्रात तो १९९४ सालीच वडिलोपार्जित मिळकतीत दिला गेला, २००५ मध्ये देशभर. तरी तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर झाडाखाली बहिणी डोक्यावरून पदर घेऊन बसलेल्या दिसतात, भावाने आणलेला चहा पितात, सही करतात आणि साडी-चोळी घेऊन घरी जातात. माहेर तुटू नये म्हणून देतात. आमच्या घरातही तसं ठरलं. माझ्या धाकट्या आत्याचा नवरा गेलेला, पदरात दोन पोरं, सासरी थारा नाही. तीही सही करायला तयार होती. भावांशी वाकडेपणा नको, म्हणाली. निघायच्या दिवशी सकाळी जिजी अंगणात आली आणि म्हणाली, ‘त्यांच्या रानावरच्या हक्काचं तुमचं तुम्ही बघा. माझ्या नावचा तुकडा मी हिला लिहून देणार.’

घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. माझे वडील, काका, सगळे दुखावले. ज्यांच्यासाठी ती पाटी वाहायला गेली होती तीच ही मुलं. त्यांना वाटलं आईने आपल्यावर अविश्वास दाखवला. महिनाभर काका तिच्याशी बोलले नाहीत. जिजी रोज त्यांना ताट वाढायची आणि ताटाजवळ बसून राहायची. निर्णय बदलला नाही, ताट वाढणं सोडलं नाही. शेवटी कर्जतला जाऊन तिने बक्षीसपत्र केलं, आणि तिला घेऊन जायला माझे वडीलच गेले. वडिलांच्या मोठेपणाचंही मला कौतुक आहे. आईच्या मनाविरुद्ध न जाणं सोपं असतं, स्वतःच्या मनाविरुद्ध आईबरोबर जाणं कठीण. आत्या आज त्या तुकड्यावर जगते. तिची दोन्ही मुलं त्याच मातीवर शिकली.

यानंतर काही वर्षांनी आम्ही चौंडीला गेलो.

चौंडी आम्हाला लांब नाही. सीनेच्या काठचं गाव, जामखेड तालुक्यातलं. ३१ मे १७२५ ला अहिल्याबाई होळकरांचा जन्म तिथे माणकोजी शिंद्यांच्या घरी झाला. दर वर्षी ३१ मेला तिथे जयंतीचा मोठा मेळा भरतो. गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांनी टेम्पो केला होता, जिजी म्हणाली मीपण येते, आणि तिला धरायला म्हणून मी. पिवळे झेंडे, भंडारा, ढोल, रणरणतं ऊन. भाषणं चालू होती. काशी विश्वेश्वराचं देऊळ, सोमनाथ, गयेचं विष्णुपद, महेश्वरचे घाट, वाटांवरच्या विहिरी आणि धर्मशाळा. जिजीने सगळं ऐकलं, हात जोडले. मग सावलीला बसल्यावर मला विचारलं, ‘हिला पोरंबाळं किती?’

मी सांगत गेले. नवरा खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून गेला. ती सती निघाली होती, सासऱ्याने, मल्हाररावांनी, अडवलं. पानिपत झालं त्याच वर्षी, १७६१ ला, सासू गौतमाबाई गेली; ती सुनेला लेकीसारखी वागवत होती म्हणतात. १७६६ ला मल्हारराव गेले. सुनेला तोफखाना घेऊन कुठे जायचं, दारूगोळा किती ठेवायचा हे पत्रांतून लिहावं, एवढा विश्वास टाकलेला सासरा. एकुलता एक मुलगा मालेराव गादीवर बसला आणि पुढच्याच वर्षी गेला. इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने पुढे महेश्वर-इंदूरकडच्या लोकांकडून ऐकून मध्य हिंदुस्थानचा वृत्तांत लिहिला, १८२३ साली तो छापला गेला. मालेरावाला भ्रम झाला तेव्हा आई रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून होती, असं त्यात आहे.

‘मग उरलं कोण?’ जिजीने विचारलं.

मुलगी उरली, मुक्ताबाई. तिचं लग्न यशवंतराव फणशांशी झालं. त्यांचा मुलगा नथ्याबा, हा आजीच्या घरात वाढलेला नातू. तो तरणा असताना आजारी पडून गेला. त्यामागून १७९१ साली जावई गेला, आणि मुक्ताबाई सती निघाली. माल्कमने लिहिलंय ते वाचताना माझा हात आजही थांबतो. अहिल्याबाईंनी मुलीला परोपरीने विनवलं. मुलीने ऐकलं नाही. ती म्हातारी आई नदीकाठी चितेपाशी उभी राहिली, दोन ब्राह्मणांनी तिचे दंड धरले होते. चिता पेटल्यावर तिचा धीर सुटला, आणि धरलेले हात सोडवता येईनात म्हणून ती दुःखाने स्वतःच्या हाताला चावे घेऊ लागली. त्यानंतर तीन दिवस तिने अन्न घेतलं नाही की कुणाशी बोलली नाही. मग त्यांच्या स्मरणासाठी बांधकाम काढलं. १३ ऑगस्ट १७९५ ला ती महेश्वरला वारली. त्याच वर्षी मार्चमध्ये तिच्या माहेरच्या मुलखात, खर्ड्याला, मराठे आणि निजामाची लढाई झाली होती. सगळे इतिहास त्या लढाईपाशी थांबतात.

जिजीने विचारलं, ‘नातू केवढा होता?’

नेमकं वय मला सांगता आलं नाही. ती थोडा वेळ काही बोलली नाही. परतताना टेम्पोत, सगळ्या बायका दाटीवाटीने बसलेल्या असताना, ती आपण होऊन बोलायला लागली. माझ्या वडिलांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. चालायला लागलेली. गोवर आला, अंगावरचा गेला, पोटातला राहिला, तापात गेली. तिला पैंजण करायला टाकले होते ते सोनाराकडून आणायचे राहिले. आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनाही नाही. टेम्पोतल्या म्हाताऱ्यांना मात्र नवल वाटलं नाही. एकीने आपल्या गेलेल्या पोराचं सांगितलं, मग दुसरीने. मिरजगाव येईपर्यंत त्या गाडीत अशी कितीतरी पोरं आली, ज्यांना कुणाच्या परिवारात मोजत नाहीत.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट छळते. अहिल्याबाईंचे घाट आपण लक्षात ठेवले आणि चितेपाशी उभी असलेली आई आपल्या भाषणांत कुठे येत नाही. पुण्यश्लोक म्हटलं की तिने ते दुःख कसं पेललं हे विचारायची गरज उरत नाही. जिजीच्या वाट्याला याच्या उलट आलं. तिचं घर तेवढं मोजलं गेलं: पत्नी, माता, आजी. तिने बांधलेला तलाव कुणी तिचा म्हणत नाही. पण ही दोन आयुष्यं एकाच मातीतली आहेत, आणि दोघींनाही घर आणि बाहेर असा भेद करायला कधी सवड मिळाली नसणार. नातू गेल्यावरही महेश्वरचा कारभार चालू राहिला. पोरगी गेल्यावर जिजीने रानात ताटांना चिंध्या बांधल्याच असतील. अहिल्याबाईंनी निपुत्रिक विधवांची मालमत्ता सरकारजमा होऊ दिली नाही, त्यांना दत्तक घ्यायची मोकळीक दिली, हे आपण न्यायबुद्धी म्हणून सांगतो. तिने स्वतः एकटीने जे भोगलं होतं त्यातून ती बुद्धी आली असेल असं मला वाटतं. माझ्याकडे याला पुरावा म्हणून आमच्या आत्याचा तुकडा आहे.

नगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर होणार हे ३१ मे २०२३ ला चौंडीतच जाहीर झालं, २०२४ मध्ये झालं. जिजी तेव्हा होती. बातमी ऐकून तिला फार आनंद झाला. ‘बाईचं नाव जिल्ह्याला,’ असं दारात येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगत होती. २०२४ च्याच १ मेपासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायची पद्धत सुरू झाली. आमच्या घरातल्या पहिल्या परतवंडाच्या दाखल्यावर ते तसं आलं. तो कागद तिने हातात घेतला आणि नातसुनेचं नाव कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखवायला लावलं.

मला शिकवण्यातही तिचा हात होता, पण त्याबद्दल थोडंच सांगते. दहावीनंतर माझ्यासाठी स्थळ आलं, चांगलं बागायतदाराचं. मध्यस्थाला जिजीने चहा दिला आणि सांगितलं, ‘पोरगी कॉलेजला जायची हाये.’ मी कर्जतच्या दादा पाटील महाविद्यालयात गेले. पहाटेच्या एसटीसाठी स्टँडपर्यंत ती माझ्याबरोबर चालत यायची, पहिली दोन वर्षं. नंतर मीच नको म्हटलं, तिचे गुडघे दुखायचे.

ती जात्यावर गायची, तेही मला लिहून ठेवता आलं असतं. गिरणी आल्यावरही सणाच्या पुरणासाठी डाळ ती जात्यावरच भरडायची, आणि ओव्या आपोआप यायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांचं काम पाहिलं की माझा आदर दुणावतो. बायकांनी बायकांबद्दल स्वतः केलेली एवढी मोठी नोंद दुसरी मला माहीत नाही. तीत आई आहे, लेक आहे, भाऊ आहे, सीता आहे, दळणाचा कंटाळा आहे. आमच्या जिजीच्या ओव्या तिच्याबरोबर गेल्या. आत्याला थोड्या येतात.

म्हणून जिजी गेल्यावर मी दुसरं एक काम हाती घेतलं. पाझर तलाव अजून आहे. पाऊस बरा झाला की भरतो, खालच्या विहिरींना पाझर लागतो, आणि त्या विहिरींवर आज कांदा नि ऊस उभा आहे. पावसाळ्यानंतर बांधावर गुरं चरतात. तो कोणी बांधला असं विचारलं तर गावातली तरुण मुलं ‘सरकारने’ म्हणतात. त्या कामावर पाट्या वाहिलेल्या ज्या म्हाताऱ्या अजून हयात आहेत, त्यांच्या घरी मी जाते आणि त्यांची आणि त्यांच्या बरोबरीच्या बायकांची नावं लिहून घेते. वाटलं त्यापेक्षा हे अवघड निघालं. हजेरीपटावर कित्येक जणी नवऱ्याच्या नावाने होत्या. गल्लीत त्या कुणाची तरी आई होत्या. लग्नात कित्येकींचं नाव बदललेलं, आणि माहेरचं नाव सांगताना त्या आधी दाराकडे बघतात. काहीजणी आठवतात त्या नुसत्या ‘काळी’, ‘उंच’, ‘वरच्या आळीची’. त्यांची नावं मी शेजारणींना विचारते, माहेरच्या गावात फोन करून विचारते. वही पुरी झाली की प्रत्येकीच्या घरी ती वाचून दाखवणार आहे. ज्यांना चालेल त्यांची नावं बांधावर लावायची. ग्रामपंचायतीत मी तसं बोलून आले आहे. काका म्हणाले, दगडाचा खर्च आमचा.

परवा मी वरच्या आळीतल्या एका आजींकडे गेले होते. ऐकू कमी येतं, नजर मात्र चांगली. मी वही उघडली, त्यांचं नाव विचारून लिहिलं आणि सवयीने पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, ‘पगाराला तुझा बाप वाचायचा ना नावं? मग तूबी वाचून दाखव. बरोबर लिहिलं का बघू दे.’ मी वाचून दाखवलं. त्यांनी आडनाव दुरुस्त केलं, आईचं नाव घालायला लावलं, आणि पाय पसरून बसत म्हणाल्या, ‘आता बांधाच्या पल्याड अंगाला कोण कोण होत्या, ते लिही.’